आप्पांची येझदी आणि आपला त्याग



घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसानं मोटरसायकल चालवावी का, हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला बऱ्याच जणींनी विचारला. आमचे सासरे, आप्पा, बहात्तर वर्षांचे आहेत आणि अजून येझदी चालवतात. बस्तीत, भिशीत, हळदीकुंकवाला कुणी ना कुणी हळूच म्हणतंच, "तू सांगत का नाहीस गं त्यांना? आता माळ जपायचं वय झालं." सुनेनं सांगावं, नातवानं किल्ली लपवावी आणि मुलानं गाडी विकून टाकावी, असा एकूण सल्ला असतो. आमच्याच घरात या दिवाळीत गाडी विकायची चर्चा झाली. गिऱ्हाईकही दारात येऊन गेलं. म्हणून या विषयावर माझं मत एकदा नीट लिहिते.

मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. आप्पांनी सुरक्षित चालवावी असा आग्रह धरायचा घरच्यांना पूर्ण हक्क आहे. डोळे, पाय, कान साथ देत नसतील तर थांबवायचाही हक्क आहे. पण "धर्मात बसत नाही, आता सोडा" असं म्हणून त्यांच्या हातून गाडी काढून घ्यायचा हक्क आपल्याला नाही. त्याग ज्याचा त्यानं करायचा असतो.

आधी आप्पांचा दिवस कसा असतो ते सांगते, कारण "म्हातारपणी गाडीचं वेड" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं भलतंच चित्र येतं. आप्पा पाच वाजता उठतात. सामायिक, मग अंघोळ, मग चालत बस्तीला. अभिषेकाला जाताना ते कधीही गाडी काढत नाहीत, अनवाणीच जातात. परत आल्यावर नाष्टा, आणि मग पडवीत गाडीपाशी अर्धा-पाऊण तास. जुन्या धोतराचं फडकं, मऊ कुंचला, पान्यांची पिशवी. आधी कुंचल्यानं चाकं, सीटखालची जागा, सायलेन्सरची तोंडं हलक्या हातानं झाडायची. मुंग्या, कोळी, पावसाळ्यात गोगलगाय, काय असेल ते बाजूला करायचं. मांजर खाली बसलं असेल तर ते उठेपर्यंत थांबायचं. मग प्लगवरचा कार्बन पॉलिश पेपरनं घासायचा, चेन बघायची, पेट्रोलचा कॉक बंद आहे का बघायचा. यातले कितीतरी दिवस गाडी सुरूसुद्धा होत नाही. रविवारी सकाळी उजाडल्यावर पाच-सहा जण मिळून कुठंतरी जातात. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, एक शाळामास्तर, एक गॅरेजवाले चाचा. कधी कुंभोजच्या बाहुबलीला, कधी स्तवनिधीला. सोबत दशम्या, शेंगाची चटणी आणि उकळून गार केलेलं पाणी घरून. दुपारच्या आत परत.

गाडी १९८५ सालची, रोडकिंग. वाचकांमधल्या तरुण मुलींसाठी सांगते, ही गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार व्हायची. तिथं १९६१ पासून जावा बनायला लागल्या, १९७३ पासून त्याच कारखान्याच्या गाड्या येझदी नावानं निघाल्या आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. इंजिन टू स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागतं. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. आणि किकचा व गिअरचा दांडा एकच. तो वर फिरवून किक मारायची, परत खाली आणला की गिअर. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लग्नानंतर पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा त्यांना वाटलं होतं गाडी मोडली.

गाडीवरून आप्पांची मतं ठाम आहेत आणि ती ऐकण्यासारखी आहेत.

पहिलं, बटण स्टार्टबद्दल. ते म्हणतात, बटण आलं आणि माणसाची घाई वाढली. किक मारायची म्हणजे आधी उभं राहावं लागतं, गाडीकडं, रस्त्याकडं बघावं लागतं. तेवढ्या वेळात डोकं ताळ्यावर येतं. पण नव्या गाड्यांना ते सरसकट नावं ठेवत नाहीत. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, ते त्यांना फार योग्य वाटतं. "आमच्या वेळी हे असतं तर दोन मित्र आज रविवारी बरोबर आले असते," एवढंच म्हणतात.

दुसरं, आवाजाबद्दल. पोरं सायलेन्सर बदलून फटाके फोडत गल्लीतून जातात, त्याचा त्यांना खरा राग येतो. अहिंसा फक्त पायाखाली बघायची नसते, कानालाही इजा होते, असं त्यांचं म्हणणं. पाळण्यातलं बाळ दचकतं, दवाखान्यातला आजारी माणूस दचकतो, कुत्री सैरावैरा पळतात आणि दुसऱ्याच्या चाकाखाली येतात. आमच्या घरात पर्युषणात हिरवी भाजी निवडून बघणारी मुलंच तसला सायलेन्सर मागतात, तेव्हा आप्पांचं हे म्हणणं मला त्यांना ऐकवावंसं वाटतं.

तिसरं, चामड्याबद्दल. त्यांच्या ग्रुपमध्ये कुणी चामड्याची जाकिटं घेतली, हातमोजे घेतले. आप्पांनी नायलॉनचं जाळीचं जाकीट आणि कापडी हातमोजे घेतले. सीट मुळातच रेक्झिनची. यावर त्यांनी कुणाला कधी उपदेश केला नाही. विचारलं तर मात्र सांगतात.

चौथं मत आपल्या बायकांसाठी आहे. मागं एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईचा पदर आणि ओढणी हा गाडीवरचा सगळ्यात मोठा धोका आहे, असं ते कायम म्हणतात. पदर कमरेला खोचल्याशिवाय ते कुणालाही मागं बसवत नाहीत, अगदी विहीणबाईंनाही नाही. चाकाला साडीगार्ड पाहिजेच. आणि हेल्मेट मागच्यालाही पाहिजे. कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला ते लागू आहे. आपण नवऱ्याला हेल्मेट देतो आणि स्वतः अंबाडा विस्कटेल म्हणून तसंच बसतो. आमच्या आई एकाहत्तराव्या वर्षी हेल्मेट घालून बसतात. तर आपल्याला लाज कसली?

आता आक्षेपांकडं येते. बस्तीतल्या काकू-मावशींनी घेतलेले आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्यातले काही खरोखर वजनदार आहेत.

पहिला आक्षेप परिग्रहाचा. "इतका जीव गाडीत अडकलाय, हा परिग्रह नव्हे तर काय?" बरोबर आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली आहे. त्या मापानं आप्पांची गाडी परिग्रह आहेच. पण तेच माप आपण आपल्यालाही लावू या. माझ्या कपाटात किती साड्या आहेत? लॉकरमधल्या पाटल्या वर्षातून किती वेळा बाहेर येतात? स्वयंपाकघरात माळ्यावर ठेवलेले स्टीलचे डबे कुणासाठी? गृहस्थाला शास्त्रानं सगळं सोडायला सांगितलेलं नाही, परिमाण करायला सांगितलं आहे. आप्पांनी ते केलं आहे. एकच गाडी, दुसरी नाही. त्यांच्या ओळखीच्यांत चार-चार, पाच-पाच जुन्या गाड्या जमवणारे आहेत. आप्पांना एकदा जुनी जावा अगदी कमी पैशांत मिळत होती, त्यांनी घेतली नाही. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह परिमाणाचे दोष सांगताना अति वाहन आणि अति भार वाहणं हेही मोजले आहेत. तेव्हा ते बैल-घोड्यांबद्दल होतं. आप्पा ते गाडीलाही लावतात. तिघांना बसवत नाहीत, मागं पोतं बांधत नाहीत. कुणी हसलं तरी चालेल.

दुसरा आक्षेप हिंसेचा, आणि हा सगळ्यात अवघड आहे. कामाला जाणं वेगळं, पण रविवारी नुसतं फिरायला जाणं? त्याच ग्रंथात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यातल्या प्रमादचर्येत विनाकारण फिरणं आणि दुसऱ्याला फिरवणं हेही आहे. म्हणजे हौसेची फेरी दोषात येते, यात शंका नाही. टू स्ट्रोकचा धूर आहे, रस्त्यावरचे जीव आहेत. मी हे झाकून ठेवणार नाही आणि आप्पाही ठेवत नाहीत. पण त्यांनी यावर काय केलं ते बघा. सूर्योदयाच्या आधी आणि सूर्यास्तानंतर गाडी नाही, कारण त्या वेळी दिव्यावर किडे येतात. मुनी महाराजांच्या ईर्यासमितीत उजेडात, पुढची जमीन बघून, सावकाश चालायचं असतं. आपण ते पाळू शकत नाही, पण त्यातला उजेड आणि सावकाशपणा घेता येतो, असं ते म्हणतात. आषाढी चौदसपासून कार्तिकापर्यंत चातुर्मासात गावाची वेस ओलांडत नाहीत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले सगळीकडं एकत्र जमतात, तो त्यांचा सणच असतो. ज्या वर्षी तो दिवस चातुर्मासात येतो त्या वर्षी आप्पा जात नाहीत. ज्या वर्षी आधी येतो त्या वर्षी जातात.

आणि दिग्व्रत. दिग्व्रतात दाही दिशांची मर्यादा बांधून घ्यायची असते, समुद्र, नदी, अरण्य, पर्वत अशा ओळखीच्या खुणांनी. आप्पांनी पासष्टाव्या वर्षी एका चातुर्मासात महाराजांपुढं ती बांधून घेतली. दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला मांगीतुंगी, पूर्वेच्या अंगाला कुंथलगिरी, पश्चिमेला समुद्र. लडाखला जायचं त्यांचं तरुणपणापासूनचं स्वप्न होतं. नकाशासुद्धा आणून ठेवला होता. ते त्या दिवशी संपलं. घरात कुणाला आधी सांगितलंही नव्हतं. संध्याकाळी नकाशा नातवाला दिला आणि म्हणाले, "भूगोलाला उपयोगी पडेल."

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींनी दिग्व्रत घेतलं आहे? आपण विमानानं दुबईला जाऊन जैन जेवण मिळालं म्हणून फोटो टाकतो, तेव्हा प्रमादचर्या आठवत नाही. आप्पांची स्तवनिधीची फेरी मात्र डोळ्यात येते. मोटरसायकल दिसते, आवाज करते आणि तिच्यावर पिकल्या केसांचा माणूस बसलेला असतो, एवढंच त्याचं कारण आहे.

तिसरा आक्षेप वयाचा, म्हणजे भीतीचा. हा मला मान्य आहे आणि यावर घरात बोललंच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे गाडी नको म्हणून सांगितलं होतं. ते आठवडे संपले तरी घरातल्या एकानं किल्ली दिलीच नाही. विषयच काढायचा नाही, म्हणजे आपोआप विसरतील, असा विचार होता. आप्पा काही बोलले नाहीत. मागितलीही नाही. पण सकाळी बस्तीतून आल्यावर पडवीत बसायचे आणि तसेच जेवणापर्यंत बसून राहायचे. स्वाध्यायाला बसले तर पान उलटायचं राहायचं. कुणी म्हणालं, "बघा, किती शांत झालेत, वैराग्य आलं." मला ते वैराग्य वाटलं नाही. हातातलं काम गेल्यावर माणूस जसा गप्प होतो तसे ते गप्प झाले होते.

शेवटी आईंनीच किल्ली काढून दिली. त्या म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं या गाडीवर मागं बसले. माहेरला गेले, बाहुबलीला गेले, पोराला ताप होता तेव्हा रात्री दवाखान्यात गेले. विकायची असंल तर मलाही विचारा की." हे ऐकून सगळे गप्प झाले, कारण त्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मोटरसायकल म्हणजे पुरुषाची हौस असं आपण धरून चालतो. पण आमच्या आईंच्या पिढीच्या बाईला एसटीची वाट न बघता, दिराची मिनतवारी न करता, माहेरी जाऊन संध्याकाळच्या जेवणाआधी परत येणं या गाडीमुळंच जमलं.

त्यानंतर घरात बसून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुमच्याही घरी सासरे, वडील, कुणाचे मिस्टर असतील तर उपयोगी पडतील म्हणून लिहिते. दर सहा महिन्यांनी डोळे तपासायचे आणि कानही. रक्तदाबाची गोळी बदलली की पहिले काही दिवस गाडी नाही, कारण चक्कर येऊ शकते. पाऊस पडत असताना नाही. हायवेवर एकट्यानं नाही. खिशात रक्तगट, चालू गोळ्यांची नावं आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी. किक मारताना गुडघा दुखायला लागला तर त्या दिवशी जायचंच नाही. कागदपत्रं सगळी चालू पाहिजेत. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचं नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होतं आणि त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. गाडीलाही पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग करून घ्यावं लागतं. हे कटकटीचं वाटतं, पण मला ते चांगलं वाटतं. दर पाच वर्षांनी बाहेरचा माणूस तपासतो, घरच्यांना वाईट व्हावं लागत नाही.

शेवटची अट आप्पांनी स्वतः घातली. "ज्या दिवशी गाडी मेन स्टँडला एकट्यानं लावता येणार नाही, त्या दिवशी मी बंद करणार. तुम्ही सांगायची गरज नाही." ही अट आमच्या सगळ्या अटींपेक्षा कडक आहे, आणि ती ते पाळतील याची मला खात्री आहे. ज्यानं लडाखचा नकाशा नातवाला देऊन टाकला, तो हेही करेल.

गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यानं सांगितलेली किंमत ऐकून घरातले चकितच झाले. जुन्या येझदींना आता हौशी लोक चांगले पैसे देतात. "आप्पा, शिक्षणाला उपयोगी पडतील," असंही कुणी म्हणालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके दिवस जे वैराग्याच्या नावानं चाललं होतं त्यात थोडा भाग किमतीचाही होता. दुसऱ्याच्या परिग्रहावर बोलताना आपला लोभ कुठून आत येतो, ते आपल्यालाही कळत नाही. गाडी विकली नाही. शिक्षणाचं बघायला आम्ही धडधाकट आहोत.

दशलक्षणात आठव्या दिवशी उत्तम त्याग आणि नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य येतं. दरवर्षी आपण प्रवचन ऐकतो, माना डोलावतो. पण कधी विचार केला आहे का, की त्यागाचं प्रवचन ऐकताना आपल्या मनात नेहमी दुसऱ्याचीच वस्तू का येते? सासऱ्यांची गाडी, नवऱ्याचा चहा, जावेची सोन्याची हौस. मला वाटतं याचं एक कारण आपल्या बायकांच्या आयुष्यातच आहे. आपल्यापैकी कुणी पेटी वाजवत होती, कुणी खोखो खेळत होती, कुणी चित्रं काढत होती. ते कधी सुटलं ते आठवतसुद्धा नाही. सोडायचं म्हणून ठरवलं नव्हतं, घरानं सोडायला लावलं आणि त्याला चांगली सून असं नाव मिळालं. ज्याचा आपला आपल्याला हिशेब लागला नाही, तेच आपण पुढं दुसऱ्याला सोडायला लावतो. पण असं सोडवलेलं त्यागात मोजलं जात नाही. हातून वस्तू गेली आणि मूर्च्छा तशीच राहिली तर पुण्य कुणालाच नाही. ना ज्याची गेली त्याला, ना जिनं काढून घेतली तिला.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा जो काही छंद असेल, गाडी असो, पेटी असो, नाहीतर परसातली गुलाबाची झाडं असोत, तो सोडवायच्या आधी त्याच्याजवळ बसा. तो ते कसं करतो ते बघा. कदाचित त्यात आपल्यापेक्षा जास्त नियम असतील. धोका असेल तर धोक्याचं बोला, स्पष्ट बोला. धर्माचं मात्र त्याचं त्याला ठरवू द्या. आणि जमलं तर तुमची ती सुटलेली पेटी माळ्यावरून खाली काढा.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर मला नक्की कळवा. आप्पांना वाचून दाखवीन.

जय जिनेंद्र.